मदत हवी आहे: वनराई बंधाऱ्याच्या बुडातून पाणी जाऊन राहिलं

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. आमचं एनएसएसचं (कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना) ७ दिवसांचं शिबिर ज्या गावात झालं तिथल्याच नाल्यावर आम्ही पोट्ट्यांनी वनराई बंधारा बांधला, सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत रेती-माती भरून. एनएसएसला लागणारे वर्षाचे १२० तास सेवेचे कधीचेच भरले, पण हे पाणी थांबलं तर आजूबाजूच्या विहिरींना अन् हरभऱ्याला आधार होईल म्हणून रविवारी अजूनही जातो.

वरून पाणी बरोबर अडते, पण बुडातून सारखं झिरपते, खालच्या बाजूला बोट घातलं तर थंडगार धार लागते. सांधे चुकवून चुंगड्या रचल्या आहेत, पाण्याच्या अंगाला ताडपत्री टाकली, तिच्यावर काळी माती दाबली, दोन दिवसांत माती वाहून गेली. तळाला मुरूम अन् गोटे आहेत. ग्रामपंचायतची परवानगी आहे, काळी माती फुकट मिळते, जेसीबीला मात्र पैसे नाहीत, टिकास-फावडी-घमेली एवढंच. अन् डिसेंबरनंतर नाल्याची धार आटते, म्हणून घाई आहे.

ज्यांनी असा बंधारा स्वतः बांधला त्यांनी सांगा भाऊ, ताई, आहे तो बंधारा न उकलता पाण्याच्या अंगाला चर खोदून काळी माती ठोकली तर जमेल का, अन् मुरमात चर किती खोल न्यावा?