फॅन्टम उतरलं ते बरंच झालं. कुणाला पटतंय?

एडिसनकर: 'द फॅन्टम ऑफ द ऑपेरा' हे म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून उतरलं १६ एप्रिल २०२३ ला. २६ जानेवारी १९८८ पासून मॅजेस्टिक थिएटरात १३,९८१ प्रयोग. न्यू जर्सीतली आमची मंडळी अजून हळहळतात. मी नाही. सोळाशेच्या वर खुर्च्यांचं थिएटर एकाच नाटकाने ३५ वर्षं अडवलं, तर नव्यांनी जायचं कुठे? शेवटच्या वर्षी पाहिलं तेव्हा पहिला अंक संपत आला, झुंबर पडायची वेळ झाली आणि पुढच्या रांगेतले काका आधीच मान वर करून बसलेले! जे कधी पडणार ते सगळ्यांना पाठ आहे, त्यात थरार कसला?

पिटप्रेमी: अहो, झुंबर सोडा, रंगमंचाखाली वादक बसतात त्या पिटात बघा. २७ वादक! हल्ली एवढा ताफा कोण बाळगतो? लंडनला २०२१ मध्ये तेच नाटक परत सुरू झालं तेव्हा २७ चे १४ केले. ब्रॉडवेवर मात्र शेवटच्या प्रयोगापर्यंत सगळे वादक होते. हे तुम्हाला 'अडवणं' वाटतं?

रश_वाली: शिकत होते तेव्हा सकाळी रांगेत उभं राहून स्वस्तातलं तिकीट मिळवलं होतं. जागा अगदी कडेला, अर्धा रंगमंच खांद्याआड. तरी तळ्याच्या प्रवेशात खालून मेणबत्त्या उगवायला लागल्या आणि धुक्यातून होडी आली, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात घट्ट धरला. आयुष्यातलं पहिलं म्युझिकल. एडिसनकर, तुम्हाला पाठ असेल हो, पण त्या थिएटरात रोज कुणीतरी पहिल्यांदाच येत होतं.

बेसुरा: एडिसनकरांना +१. संगीतकार सॉन्डहाइमचं 'मेरिली वी रोल अलाँग' १९८१ मध्ये १६ प्रयोगांत गुंडाळलं. तेच २०२३ मध्ये परत आलं आणि पुनरुज्जीवित म्युझिकलचं टोनी पारितोषिक घेऊन गेलं. अशा कामांना वेळ आणि जागा लागते.

पिटप्रेमी: १९८१ मध्ये फॅन्टम होतं कुठे? मेरिली पडलं त्याचं खापर त्याच्यावर का? आणि त्याच न्यायाने १९९६ पासून चाललेलं 'शिकागो'ही काढा की. तिथे तर नेपथ्यही नावापुरतं, बँडच रंगमंचावर बसलेला.

एडिसनकर: काढा! माझी ना नाही. फॅन्टमचं दुखणं वेगळंच होतं. महासाथीनंतर पर्यटक रोडावले आणि एवढा डोलारा रोज उभा करायचा खर्च परवडेना. गंमत म्हणजे फेब्रुवारीत बंद करतो म्हणाले आणि लोक तिकिटांवर असे तुटून पडले की मुक्काम एप्रिलपर्यंत लांबवावा लागला. आधी कुठे होते हे सगळे?

गिरगावकर: आम्ही २०२५ मध्ये मुंबईत पाहिलं, बीकेसीत. तिकिटाचा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही. पण पडदा वर जाऊन ऑर्गन घुमला ना, साहेब, पैसे वसूल! ज्यांना न्यूयॉर्क परवडतं त्यांनीच कंटाळावं.

रश_वाली: आणि नव्यांना जागा मिळाली म्हणता, तर फॅन्टमनंतर मॅजेस्टिकमध्ये आलं काय? डागडुजी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'जिप्सी' हे म्युझिकल. मूळ १९५९ चं!

एडिसनकर: जुनं असलं तरी रोझच्या मुख्य भूमिकेत ऑड्रा मॅकडोनल्ड होती. त्या भूमिकेत ब्रॉडवेवर पहिल्यांदाच कृष्णवर्णीय नटी. जुन्या संहितेतून नवं काढणं ते हे. फॅन्टम मात्र दिग्दर्शक हॅल प्रिन्सने बसवलं तसंच्या तसं. शिवाय जिप्सी ऑगस्ट २०२५ मध्ये उतरलं, थिएटर पुन्हा मोकळं झालं. मी दुसरं काय म्हणतोय?

पिटप्रेमी: उतरलं नाही, ठरल्या तारखेच्या आधी उतरवलं. ऑक्टोबरपर्यंत चालायचं होतं. मोकळ्या थिएटरात वादकांना पगार मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या.