खात्यातला आकडा न दाखवता काँट्रॅक्टला पुरावा कसा द्यायचा? मदत हवी आहे

मंडळी, अडकलोय. युजरच्या खात्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे आहेत एवढंच स्मार्ट काँट्रॅक्टला (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम) कळायला हवंय, नेमका आकडा नको. स्क्रीनशॉट काय, कोणीही एडिट करतं. टीएलएसमध्येही (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं एन्क्रिप्शन) सर्व्हर डेटावर सही करत नाही, सेशन की (त्या कनेक्शनची गुप्त किल्ली) दोन्हीकडे सारखीच, म्हणजे युजरने घरी बसून खोटा रिस्पॉन्स बनवला तरी तिसऱ्याला पत्ता लागणार नाही. म्हणून टीएलएसनोटरी (डेटा खरंच त्या सर्व्हरकडून आला हे सिद्ध करायचा प्रोटोकॉल) लावून बघतोय, त्यात ती की युजर आणि नोटरीत (साक्षीदार म्हणून मधे असलेला तिसरा) वाटलेली असते, म्हणजे युजरला एकट्याने खोटा रिस्पॉन्स बनवता येत नाही. पण नोटरी मीच चालवली तर लोकांनी माझ्यावर का म्हणून विश्वास ठेवायचा? आणि दुसरी गंमत, सर्व्हरच्या जेसनमध्ये (डेटा पाठवायचा मजकूर फॉरमॅट) 'बॅलन्स' दोनदा येतो, एक उपलब्ध रकमेचा, एक लोनचा, बाकीची माहिती लपवायला आजूबाजूचं झाकलं की कुठला कुठला कळतच नाही 😅 हे झिरो नॉलेज प्रूफमध्ये (माहिती न दाखवता ती खरी असल्याचा गणिती पुरावा) कोणी नीट बसवलंय का?