'कॉर्न लॉज'चं मराठी काय करावं?

मुद्रितशोधक: इंग्लंडच्या इतिहासावरचा एक अनुवाद तपासतोय. त्यात १८१५ चा 'मका कायदा' (मुळात 'कॉर्न लॉ', लॉ म्हणजे कायदा) आणि १८४६ मध्ये पंतप्रधान पीलने तो रद्द केल्याचं प्रकरण आहे. मी 'धान्य कायदे' सुचवलं. अनुवादकांचं म्हणणं, मुळात सरळ 'कॉर्न' आहे, कोशात कॉर्न म्हणजे मका, तुम्ही अर्थ का बदलता? त्यांना पटेल असं काय दाखवू?

तळटीप: कायदाच दाखवा. देशात गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, हा १८१५ च्या कायद्याचा गाभा. क्वार्टर म्हणजे ८ बुशेल, गव्हाचे साधारण २१८ किलो. राय, बार्ली, ओट यांच्या मर्यादा वेगळ्या. कॉर्न म्हणजे मुळात कुठल्याही धान्याचा दाणा, आणि व्यवहारात त्या मुलखाचं जे मुख्य पीक ते: इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याला 'इंडियन कॉर्न' म्हटलं, पुढे 'इंडियन' गळून पडलं. 'कॉर्न्ड बीफ'मध्ये मका कुठे असतो? तिथलं कॉर्न म्हणजे जाड मिठाचे खडे.

अनुस्वार: मग सगळीकडे 'मका' काढून 'धान्य' घाला आणि मोकळे व्हा.

तळटीप: अजिबात नको! त्याच प्रकरणात आयर्लंडचा दुष्काळ येणार. १८४५ मध्ये बटाटा सडल्यावर पीलने अमेरिकेतून गुपचूप 'इंडियन कॉर्न' मागवलं. तो खराखुरा मका. इतका टणक की दोनदा दळावा लागे, आणि कच्चा राहिला की पोट बिघडे. लोक त्याला 'पीलचं गंधक' म्हणत. तिथे 'धान्य' केलंत तर गंधकाचा पिवळेपणा कुठून येणार?

मुद्रितशोधक: पुढच्या पानावर 'भारतीय मका' आहे. आत्ताच पाहिलं.

व्युत्पत्तिप्रेमी: इतकं लांब कशाला जायचं? कण, कणी, कणीस, कॉर्न. शब्द आपलाच आहे.

तळटीप: ध्वनी जुळले म्हणून नातं जुळत नाही. इंग्रजीतल्या जुन्या 'क'समोर लॅटिनमध्ये 'ग' येतो आणि संस्कृतात बहुधा 'ज'. संस्कृत जानु, लॅटिन गेनु, इंग्रजी नी (गुडघा, लिहिताना 'के' अजून आहे). तसंच लॅटिन ग्रानुम (दाणा) आणि कॉर्न. 'ग्रेन' हा त्याच ग्रानुमचा फ्रेंचमार्गे आलेला वंशज, म्हणजे ग्रेन आणि कॉर्न चुलत भावंडं. संस्कृतातला नातेवाईक 'जीर्ण'. मुळातला अर्थ पिकणं, जुनं होणं. उलट संस्कृत 'क' किंवा 'श' इंग्रजीत 'ह' होऊन येतो, जसं शतम् आणि हंड्रेड. आणि पायाला होतं ते कॉर्न, आपलं कुरूप, ते तिसरंच. लॅटिन कोर्नू म्हणजे शिंग, इंग्रजी हॉर्न, संस्कृत शृंग.

व्युत्पत्तिप्रेमी: जीर्ण आणि कॉर्न नातेवाईक, पण कण आणि कॉर्न नाहीत. वा! नियम तुमचे, निकालही तुमचाच.

कोथिंबीर: स्वयंपाकातही हाच घोळ आहे. आपल्याकडे 'कॉर्नफ्लोर' म्हणून मिळतं ते पांढरं, बोटांत दाबलं की करकरतं; ते मक्याचं नुसतं स्टार्च. अमेरिकन पाककृतीत त्याला 'कॉर्नस्टार्च' म्हणतात. तिथे 'कॉर्नफ्लोर' असेल तर ते मक्याचं बारीक पीठ. ते सुपात घातलं तर सूप गढूळ होतं, हवं तसं दाट होत नाही. स्टार्च आधी गार पाण्यात कालवायचं, उकळत्यात थेट टाकलं की गाठी होतात.

शुद्धमती: 'कॉर्न' म्हणायचंच कशाला? स्वीट कॉर्नला 'मधुमका' हा सुंदर शब्द आहे.

अनुस्वार: आहे, आणि शेतकऱ्यांच्या लागवडीच्या माहितीत तो चालतोही. पण गाडीवाल्याकडे मधुमका मागून बघा.

शुद्धमती: मागितलाच नाही तर रुळणार कसा?

पानगळ: इंग्रजांना हसण्याआधी आपले 'दाणे' बघा. दाणा म्हणजे कुठल्याही धान्याचा. पाखरांना दाणा टाकतो, दाणापाणी म्हणतो. पण वाण्याकडे 'पाव किलो दाणे द्या' म्हटलं की शेंगदाणेच येतात. पीकही मक्यासारखंच अमेरिकेतून आलेलं. अनुवादकांना हे दाखवा, लगेच कळेल. बाकी फारसीतल्या 'दाना'चं आपल्या 'धान्य'शी नातं आहे, ते तळटीप सांगतीलच.

तळटीप: आहे. संस्कृत 'धाना' म्हणजे भाजलेलं धान्य.

मुद्रितशोधक: हा दाखला कळवतो. पण 'धान्य कायदे' की नुसतं 'कॉर्न लॉज' ठेवून खाली टीप?

कोथिंबीर: दाण्यांचा विषय निघालाच आहे तर, दाण्याचा कूट की दाण्याचं कूट?

पानगळ: तो कूट.

शुद्धमती: ते कूट! पुल्लिंगी कूट म्हणजे डाव, कारस्थान.

अनुस्वार: कारस्थानसुद्धा 'ते कूट'च की.