विझागला (विशाखापट्टणमला) बदली होतेय, पोर्टचं शहर राहायला कसं आहे? (घरात दम्याचे पेशंट आहेत)

पनवेलकरीण
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या. मी शिपिंगमध्ये डॉक्युमेंटेशनला आहे, बारा वर्षं न्हावा शेवाला काढली, राहायला पनवेल. आता कंपनी म्हणते विझागच्या ऑफिसला जा, निदान तीन वर्षं. पगारवाढ बरी आहे. नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम त्यामुळे त्याचं काही अडत नाही, मुलगी चौथीत. सासरे आमच्याकडेच असतात, त्यांना दमा आहे, इनहेलर रोजचा, आणि खरा घोळ तिथेच आहे.
यूट्यूबवर बघावं तर सगळे ड्रोन उडवून निळाशार समुद्र दाखवतात, बातम्या वाचाव्या तर चक्रीवादळ आणि वायुगळती, मधलं कोणी सांगतच नाही. पोर्ट काय असतं ते मला माहितीये हो, उरण रोडला ट्रेलरच्या रांगेत अर्धं आयुष्य गेलंय, पण संध्याकाळी मी तिथून निघून घरी येते ना. विझागला म्हणे पोर्ट शहराच्या पोटातच आहे. कोणी राहिलंय का तिकडे? खरं काय ते सांगा.

क्वार्टरबदली
आम्ही राहिलोय, मिस्टर नेव्हीत, चार वर्षं होतो. आधी चांगलं सांगते. मोठं शहर असून अंगावर येत नाही. सकाळी साडेपाचला आरके बीचवर अख्खं गाव फिरायला, बीच रोड पहाटे गाड्यांना बंद असायचा. आपल्याला समुद्रात सूर्य बुडताना बघायची सवय, तिथे तो समुद्रातून वर येतो, मला पहिले सहा महिने दिशाच कळायच्या नाहीत. नेव्ही, रेल्वे, स्टील प्लांटमुळे देशभरातले लोक आहेत, हिंदीवर निभतं. भाजीवाली मात्र तेलुगूच बोलणार, आकडे तेवढे शिकून घ्या.
आता वादळ. 12 ऑक्टोबर 2014, हुदहुद, आम्ही तिथेच. सकाळपासून वारा असा की खिडकीची काच आत-बाहेर होताना दिसत होती, मग दुपारी एकदम शांत, शेजारचे लोक बाहेर आले फोटो काढायला, आणि आमच्या क्वार्टरमधले एक साहेब ओरडत धावत आले की आत व्हा हा डोळा आहे, अजून अर्धं बाकी आहे. तसंच झालं, दुसरा वारा उलट्या दिशेने. एअरपोर्टचं छत उडालं होतं, कैलासगिरीचा हिरवा डोंगर दुसऱ्या दिवशी भाजून काढल्यासारखा तपकिरी. लाइट नाही, मोबाइल नाही, दुधाला रांगा. पण एक सांगते, इशारा कितीतरी दिवस आधीपासून होता, आणि शहर ज्या वेगाने उभं राहिलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. दरवर्षी असं होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरात टॉर्च, पाणी, रोख पैसे ठेवायची सवय लागते एवढंच.

डेक_कॅडेट_निवृत्त
ताई तुम्ही शिपिंगमधल्या म्हणून नकाशावरूनच सांगतो. विझागला दोन हार्बर. आतलं 1933 चं, डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर समुद्रात नाक खुपसून उभा आहे त्याच्या कुशीतून चिंचोळ्या चॅनलने जहाज आत शिरतं, म्हणजे एका बाजूला डोंगराचा कडा आणि दुसऱ्या बाजूला वस्ती, जहाजाच्या ब्रिजवर उभं राहिलं की लोकांच्या गच्चीवरचं वाळवण दिसतं. बाहेरचं हार्बर 1976 चं, कंटेनर टर्मिनल तिथे, बीच रोडच्या दक्षिण टोकाला. तुमचं काम बहुतेक तिकडेच असणार.
न्हावा शेवाशी तुलना करू नका. तिथे मुख्य माल कंटेनर, इथे कोळसा, लोहखनिज, तेल. कंटेनरची धूळ होत नाही, कोळशाची होते. जुनं शहर, ज्याला वन टाउन म्हणतात, तिथल्या लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे की कपडे वाळत घातले की काळे होतात. त्यात उत्तरेला कैलासगिरीची रांग, दक्षिणेला याराडाची, मधे पोर्ट, रिफायनरी, कारखाने, म्हणजे वाटीच की. थंडीत वारा पडला की धूर त्या वाटीत बसून राहतो. तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न समुद्राचा नाहीये, वाटीच्या आत घर घेताय की बाहेर, याचा आहे.
(जाता जाता, शिपयार्डजवळच्या भागाला लोक सिंधिया म्हणतात. ते नाव आलं शिपिंग कंपनीवरून. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1941 मध्ये तिथे शिपयार्ड काढलं, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, कंपनी गेली नाव राहिलं. 1948 मध्ये जलउषा तिथूनच पाण्यात उतरलं. रिक्षावाल्याला सांगून बघा, त्याला गंमत वाटेल.)

उक्कुवाला
वर सगळे बीचवालेच दिसतायत 😀 मी गाजुवाकाच्या बाजूला राहतो, मूळचा भुसावळचा. लोकांना वाटतं इंडस्ट्रियल एरिया म्हणजे नरक. स्टील प्लांटची टाउनशिप उक्कुनगरम (उक्कु म्हणजे पोलाद), तिथली झाडी बघा एकदा मग बोला. भाडं कमी, बाजार जवळ, गणपतीत तर गाजुवाकात एवढी उंच मूर्ती बसवतात की मान दुखते. बीचच्या फ्लॅटला दोन वर्षांत ग्रिल गंजतं, एसीचं आउटडोअर युनिट खारं वारं खाऊन टाकतं, ते कोणी सांगत नाही.
पण ताई, सासऱ्यांना दमा आहे म्हटल्यावर मीच सांगतो, आमच्याकडे नका येऊ. मलकापुरम, श्रीहरिपुरम तर अजिबात नको, रिफायनरीला खेटून आहे. 7 मे 2020 ची वायुगळती आठवत असेल, आर आर वेंकटापुरम, पहाटे तीनच्या सुमाराला, लॉकडाउननंतर कारखाना सुरू करायच्या बेतात होते, स्टायरिन बाहेर आला, 12 माणसं गेली, शेकडो हॉस्पिटलात. आमच्यापर्यंत काही आलं नाही पण त्या दिवसापासून माझी बायको नवीन घर बघताना आधी विचारते की दोन-तीन किलोमीटरमध्ये कसला कारखाना आहे. स्वयंपाकघर नंतर बघते.

पनवेलकरीण
@उक्कुवाला तुमच्या बायकोचा प्रश्न मी चोरला. मग कुठे बघू? ऑफिस तिथे बीच रोडच्या टोकाला असेल तर लांब राहून रोजची तंगडतोड परत आलीच ना.

डेक_कॅडेट_निवृत्त
एमव्हीपी कॉलनी किंवा सीतम्मधारा. पोर्टपासून उत्तरेला, पण ऑफिसला जायला पनवेल-न्हावा शेवाच्या मानाने काहीच नाही. मधुरवाडा, ऋषिकोंडा अजून मोकळं, आयटीवाले तिकडे, पण मग रोजचं अंतर वाढतं. मोठी हॉस्पिटलं हेल्थ सिटीत आहेत, आरिलोवाकडे, एमव्हीपीपासून लांब नाही. तुमच्या केसमध्ये बीचपेक्षा हे आधी बघा.

क्वार्टरबदली
एमव्हीपीला माझंही मत. फक्त दमट हवेचं कोणी बोललं नाही. पनवेललाही दमट आहेच पण तिथे जूनमध्ये धो धो पाऊस येऊन सुटका होते, विझागला एप्रिल ते जून नुसतं घामटं आणि नंतरही आपल्यासारखा पाऊस नाही. काही दमेकऱ्यांना हे सोसतं काहींना नाही, डॉक्टरांना विचारूनच ठरवा.
आणि मुलीला पाण्यात सोडू नका हं. आपला जुहू-अलिबागचा उथळ किनारा डोक्यात ठेवून लोक आरके बीचवर उतरतात, तिथे पाच पावलांत तळ जातो आणि लाट आत खेचते. दरवर्षी बातम्या असतात. किनाऱ्यावर बसून मुरी मिक्स्चर (मुरमुऱ्यांची भेळच) खा, सूर्योदय बघा, बास.

घाटमाथा
माझी बहीण आहे तिथे. तिची तक्रार पोर्ट, वादळ वगैरे काही नाही, गावी येणं. पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेसमध्ये अख्खा दिवस जातो, आणि कितीतरी लांब पल्ल्याच्या गाड्या विझागच्या मेन स्टेशनात शिरतच नाहीत, दुव्वाडावरून बाहेरच्या बाहेर जातात, तिकीट काढताना बघा नाहीतर रात्री दोनला सासऱ्यांना घेऊन दुव्वाड्याला उतराल. जुना एअरपोर्ट नेव्हीच्या धावपट्टीवर पण शहरात, नवीन भोगापुरमला, साधारण 45 किलोमीटर. म्हातारी माणसं घरी असली की हे जड जातं. शाळेचं, दुसरी-तिसरी भाषा कोणती लागेल ते फॉर्म भरायच्या आधी विचारा, भाचीला पाचवीत एकदम तेलुगू लिपी आली, रडली बिचारी, आता आईला बोर्ड वाचून दाखवते.

पनवेलकरीण
सगळ्यांचे खूप आभार, तुम्ही माझे दोन महिने वाचवलेत. नवऱ्याशी बोलले, सासऱ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये. कंपनी म्हणते फेब्रुवारीत आठ दिवस येऊन बघून जा, त्यांच्या गेस्ट हाऊसला सोय आहे.

उक्कुवाला
फेब्रुवारीत नका येऊ!! फेब्रुवारीत विझाग कोणालाही आवडतं. एकदा डिसेंबरच्या शेवटी या जेव्हा वारा पडलेला असतो, आणि एकदा मेमध्ये, सासऱ्यांना घेऊन. जो फ्लॅट आवडेल त्याच्या बाल्कनीत ओला पांढरा रुमाल रात्रभर बांधून ठेवा. घरमालक हसेल, हसू दे. सकाळी रुमाल बघून टोकन द्या.

पनवेलकरीण
रुमाल पॅक केला 😀 आणि कोकम आगळ मिळतं का तिकडे?

क्वार्टरबदली
नाही. पाच लिटरचा कॅन घेऊन जा. चिंच हवी तेवढी.