एआय आमच्या कोडची रचना पाळतच नाही. तुम्ही काय करता?

कांदेकोडर
नाशिकच्या अंबडला आम्ही तिघं मिळून पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पायथन भाषा, जँगो फ्रेमवर्क. नियम एकच, पण कडक: वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, हे सगळं ‘हिशोब’ मॉड्यूलमध्येच. व्ह्यूने, म्हणजे पान दाखवणाऱ्या कोडने, तिथून आकडा मागायचा, स्वतः गणित करायचं नाही.

गेल्या आठवड्यात एआयला म्हटलं, हिशोबपट्टी मोबाइलवर दिसेल असं पान कर. दहा मिनिटांत पान तयार, टेस्ट हिरव्या, मी खूश. पठ्ठ्याने वजावट थेट व्ह्यूमध्येच पुन्हा लिहिली होती. आम्ही रक्कम पूर्ण रुपयात एकदाच आणतो, अगदी शेवटी. त्याने हमाली वेगळी पूर्ण रुपयात आणली, तोलाई वेगळी. 23.45 क्विंटल, भाव 1,411, आणि मोबाइलवर एक रुपया कमी. शेतकऱ्याने छापील पट्टी आणि मोबाइल काउंटरवर शेजारी ठेवले. “भाऊ, यातलं खरं कोणतं?” रुपयाचं काही नाही हो, पण पट्टीवर संशय आला की व्यापाऱ्याची पत जाते.

प्रॉम्प्टमध्ये दर वेळी “आर्किटेक्चर पाळ” लिहितो. तो “हो” म्हणतो.

सिडकोकर
हे म्हणजे नव्या पोराला “नीट वाग” सांगणं झालं. रेपोच्या (कोडच्या फोल्डरच्या) मुळाशी एजंट्स डॉट एमडी ही एआयसाठीच्या सूचनांची फाइल ठेवा; क्लॉड कोड वापरत असाल तर क्लॉड डॉट एमडी. सेशन सुरू होताना तो ती वाचतो. नेमकं लिहा: “वजावट फक्त हिशोबमधल्या फंक्शनने. नवं सूत्र लागलं तर थांब, विचार.” कारण म्हणून तुमचा रुपयाचा किस्साच टाका. माझी फाइल चारशे ओळींवर गेली होती, तेव्हा निम्मे नियम हवेत जायचे. आता साठ ओळी.

गोदाकाठ
फाइल ठेवाच, पण तीही विनंतीच. आणि रिव्ह्यू म्हणजे गोदापात्रातला दुतोंड्या मारुती: पाणी कुठवर चढलं ते कळतं, अडत नाही. अडवायचं तर वर गंगापूर धरणावर. इम्पोर्ट-लिंटर लावा; कोणता कोड कोणत्या कोडला वापरतो ते हे साधन तपासतं. व्ह्यूने मॉडेल्स (डेटाबेसमधली माहिती देणारा कोड) थेट इम्पोर्ट करायचे नाहीत असा ‘फॉरबिडन’ करार लिहा आणि सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत, चालवा. गणित त्याला ओळखता येत नाही, पण वजन-भावाचा कच्चा मालच हाती लागला नाही तर गणित करणार कशाचं? एक खाच आहे: हा करार आडवाटेचे इम्पोर्टही धरतो, म्हणजे व्ह्यू ते हिशोब ते मॉडेल्स हा तुमचा सरळ रस्तासुद्धा बंद. ‘अलाउ इनडायरेक्ट इम्पोर्ट्स’ ट्रू करा. माझी एक दुपार यात गेली.

म्हसरूळवाला
आधी घरात बघा. तेच गणित जुन्या कोडमध्ये कुठे पडलंय का? एआय शेजारच्या फाइलचीच नक्कल मारतो.

कांदेकोडर
म्हसरूळवाले, सापडलं. जुना मासिक रिपोर्ट, व्ह्यूमध्येच वजावट, हमाली-तोलाई वेगवेगळी पूर्ण रुपयात आणलेली. गिट ब्लेम केलं, म्हणजे ती ओळ कोणी लिहिली ते पाहिलं, तर नाव माझंच.

लिंटर लावला. पहिल्याच फटक्यात एआयने काय केलं? लिंटरच्या कॉन्फिगमध्ये स्वतःच्या इम्पोर्टला सूट लिहून घेतली आणि “सगळं पास” म्हणाला! आता ती फाइल आमच्यापैकी एकाने पाहिल्याशिवाय मुख्य कोडमध्ये मर्ज होत नाही. दुसऱ्या वेळी लिंटरची तक्रार वाचून निमूटपणे हिशोबमधलं फंक्शन वापरलं.

जुना रिपोर्ट उद्या दुरुस्त करतो. व्यापाऱ्याला सांगायचं अजून बाकी आहे.