डांबरी आणि कच्चा रस्ता, दोन्हीकडे चालेल असा सायकलचा टायर सुचवा

चाकोरी

नमस्कार मंडळी. मी रोज सायकलने ऑफिसला जातो. एका बाजूचं अंतर १४ किमी. त्यातलं १० किमी चांगलं डांबरी, मधले ४ किमी कालव्याच्या कडेने कच्ची वाट. खाली मुरूम, वर सुटी खडी, पाऊस झाला की चिखल. सायकल हायब्रिड आहे (डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांसाठीची), डिस्क ब्रेकची. सोबत आलेले ३२-६२२ चे (३२ मिमी रुंद) टायर आता संपत आलेत, मागच्याचा मधला पट्टा सपाट झालाय. डांबरीवर ते मस्त पळतात, पण खडीवर पुढचं चाक सरकतं आणि मागे पंक्चर होत राहतं.

एमटीबीला (डोंगरातल्या सायकलला) असतात तसे मोठ्या ठोकळ्यांचे टायर टाकावेत का? सुट्टीच्या दिवशी याच सायकलवर रानवाटाही फिरायच्या आहेत. टायरचे दोन जोड ठेवून अदलाबदल करणं मला जमणार नाही. माझं वजन ७८ किलो, शिवाय कॅरिअरवर लॅपटॉपची बॅग. रिमवर ६२२x१९ लिहिलंय.

रानवाट

ठोकळेवाले नकोत. रोजच्या १४ पैकी १० किमी डांबरी असेल तर प्रत्येक ठोकळा रस्त्यावर टेकताना वाकणार, त्यात तुमची ताकद जाणार, वर सतत घरघर. आणि ओल्या डांबरी वळणावर तर ते गुळगुळीत टायरपेक्षा कमी धरतात, कारण रबराचा रस्त्याला टेकलेला भागच कमी असतो.

नक्षीचा विचार नंतर करा, आधी रुंदी. सुट्या खडीवर पुढचं चाक सरकतं त्याचं मुख्य कारण ३२ चा अरुंद टायर आणि त्यात ठासून भरलेली हवा. ४० चा टायर कमी हवेवर चालवता येतो. तो खड्यांवरून उड्या मारत जात नाही, त्यांच्यावर बसत जातो. मनगटांना आणि पाठीला बसणारा मार कमी होतो तो वेगळाच. तुमच्या १९ च्या (आतून १९ मिमी रुंद) रिमवर ४० बिनधास्त बसेल.

पानापक्कड

रानवाट यांच्याशी सहमत. फक्त टायर मागवण्याआधी जागा मोजा, कारण इथेच बरेच जण फसतात.

३२-६२२ मधला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये आणि दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा बदलायचा नाही. बाजारात ७००सी आणि २९ इंची अशी वेगवेगळी नावं दिसतील, पण दोन्हींचा हा व्यास ६२२ च. २७.५ इंची म्हणजे ५८४, तो तुमच्या रिमवर चढणार नाही.

आता मोजायचं कसं: सायकल उलटी करा आणि मागचं चाक जिथे फ्रेमच्या दोन नळ्यांमधून जातं तिथे ॲलन की (षटकोनी पाना, ८ ची म्हणजे ८ मिमी जाड) सरकवून बघा. ३२ वरून ४० वर गेलात तर दोन्ही बाजूंना चार-चार मिमी जागा कमी होणार. म्हणजे आज तिथे ८ ची ॲलन की सहज फिरली पाहिजे, तर नवीन टायर बसल्यावर ४ उरतील. चिखलातून जाणाऱ्याला मी ६ उरावेत असं सांगेन. चिखलात रुतलेला खडा टायरबरोबर फिरतो आणि फ्रेमचा रंग खरवडत जातो. पुढच्या फोर्कमध्ये वरच्या बाजूला आणि मडगार्डच्या आतही बघा, टायर रुंद झाला की उंचही होतो. आणखी एक, पेडल पुढे असताना हँडल वळवून बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागत नाही ना तेही बघून घ्या.

सावकाश_जा

माझं मत थोडं वेगळं आहे. ऑफिसला वेळेवर पोचायचं असेल तर पंक्चर न होणं ही पहिली गरज. श्वाल्बे मॅरेथॉन प्लस घ्या आणि विसरून जा. नक्षीखाली ५ मिमी जाडीचा रबरी पट्टा असतो. काच, काटे, तारेचे तुकडे त्यातच अडकतात. मी रोजच्या सायकलला दुसरं काही लावतच नाही.

रानवाट

मॅरेथॉन प्लस पंक्चर वाचवतो यात वादच नाही. पण तो जड आहे आणि कडकही. त्या पट्ट्यामुळे टायर खड्याभोवती दबत नाही, आणि चाकोरी यांची अडचण नेमकी खडीवरचीच आहे. शिवाय चढवायला-उतरवायला बोटांची परीक्षा.

मधला मार्ग म्हणजे साधा मॅरेथॉन, ४०-६२२. त्यातही संरक्षक थर आहे, पण पातळ. डांबरी आणि घट्ट मुरूम दोन्हींवर चांगला चालतो. सुट्टीच्या रानवाटांना जास्त महत्त्व देत असाल तर पॅनारेसर ग्रॅव्हलकिंग एसएस बघा: मधे जवळजवळ गुळगुळीत, कडांना बारीक ठोकळे. सरळ जाताना गुळगुळीत भाग टेकतो, वळताना किंवा मऊ मातीत रुतल्यावर कडा पकडतात. त्यांचाच एसके पूर्ण बारीक ठोकळ्यांचा आहे, तुमच्या रस्त्याला तेवढा लागत नाही. श्वाल्बे जी-वन ऑलराउंडही याच जातीचा, त्यावर छोटे गोल ठिपके असतात. हे सगळे मऊ आणि हलके, चालवायला फार सुखाचे. मात्र काच-काट्यांपुढे मॅरेथॉनइतके टिकणार नाहीत.

खऱ्या चिखलात यातला एकही टायर पकड देत नाही. तिथे उतरून चालावं.

पानापक्कड

पंक्चरबद्दल सांगतो. चाकोरी, ट्यूबला भोक कसलं पडतं ते बघता का? शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा असतील तर तो काटा नव्हे. हवा कमी असताना चाक दगडावर आपटलं आणि ट्यूब दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्यामध्ये चिमटली, त्याची ती खूण. त्यावर संरक्षक पट्ट्याचा काही उपयोग नाही. रुंद टायर आणि योग्य हवा हाच उपाय.

एकच भोक असेल, तेही बाहेरच्या बाजूला, तर टायरमध्ये काहीतरी अजून अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार डोळ्याला दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे ती आहे. मी टायर चढवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर ठेवतो. मग ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती लांब आहे ते बघून टायरवरची जागा लगेच सापडते.

चाकोरी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. आत्ताच मोजलं. मागे ८ ची की अडकते, ६ ची आरामात जाते. पुढे भरपूर जागा आहे. ट्यूबची भोकं एकेकटीच आहेत, बाहेरच्या बाजूला. म्हणजे काटे किंवा तारच.

मग मागे ३५ आणि पुढे ४० असं चालतं का? आणि हवा किती भरू? टायरवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरतो मी.

रानवाट

चालतं, आणि तुमच्या बाबतीत चांगलंच चालेल. सरकतं ते पुढचं चाक, म्हणून रुंदी तिथे हवी. वजन आणि पंक्चर मागे, म्हणून संरक्षण तिथे. पुढे ग्रॅव्हलकिंग एसएस ४० च्या आसपासचा, मागे मॅरेथॉन ३५. एकाच जोडीचे टायर हवेत असा काही नियम नाही.

टायरवरचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची गरज नसते. तुमचं वजन, बॅग आणि सायकल धरून १०० किलोच्या आसपास होईल. पुढे ४० आणि मागे ५५ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) सुरुवात करा. मग त्याच कच्च्या वाटेवर दोन-दोनने कमी करत बघा. दगडावरून जाताना रिम आपटल्याचा ठक्क आवाज आला किंवा वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला की तीन-चार वाढवा, तो तुमचा आकडा. अंगठ्याने दाबून हे कळत नाही, मीटरचा पंप घ्याच. आणि आठवड्यातून एकदा तपासा, ट्यूबमधून हवा आपोआप थोडीथोडी उतरते.

सावकाश_जा

हे पटलं. मागे ३५ मध्येच मॅरेथॉन प्लसही मिळतो, साध्याने काटे थांबले नाहीत तर तो डोक्यात ठेवा. बाकी ट्यूबलेसच्या (आत ट्यूब नसलेल्या टायरच्या) मागे आत्ता लागू नका. त्याला तसं रिम आणि तसा टायर लागतो, शिवाय आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) काही महिन्यांत सुकतं, ते पुन्हा भरत राहावं लागतं.

पानापक्कड

ऑर्डर करताना पुढची ट्यूबही बदला. ३२ च्या टायरमधल्या ट्यूबच्या खोक्यावर बहुधा २८-३२ लिहिलेलं असेल. ती ४० मध्ये ताणून पातळ होते आणि लवकर फाटते. ३५-४५ च्या टप्प्याची घ्या, व्हॉल्व्ह आत्ता आहे त्याच प्रकारचा. टायरच्या कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, चाक लावण्याआधी तो बघा.