‘आपण’ जिंकलो? म्हणजे नक्की कोण कोण?

काठावरची

परवा रात्री अर्धवट झोपेत नवऱ्याचा आवाज आला, "विकला! विकला एकदाचा आपण!" मी ताडकन उठून बसले. गॅलरीत आमचा जुना फ्रीज सहा महिने गिऱ्हाइकाची वाट बघत उभा आहे. वाटलं, सुटलो. बाहेर येऊन बघते तर हा मोबाइल हातात धरून नाचतोय. फ्रीज नव्हे, ह्याच्या लाडक्या फुटबॉल क्लबचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, विकला होता. ‘आपण’ विकला होता. ज्याला ह्याने जन्मात समोरासमोर पाहिलेलं नाही, त्याला. वर "पैसेही बरे आले." कुणाकडे आले ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात जातो. आपण जिंकलो, आपल्याला कॉर्नर मिळाला, आपला गोलकीपर दुखावला. सगळं सोफ्यावर आडवं पडून! दुसऱ्या मजल्याला धाप लागणारा माणूस "आज आपण प्रेसिंगच केलं नाही", म्हणजे धावून धावून समोरच्यांना घेरलंच नाही, म्हणून हळहळतो. आणि हरले की? "ह्या लोकांना खेळायचंच नसतं." हे लोक! नव्वद मिनिटांत काडीमोड.

माझं मत सरळ आहे. वेड असू दे, जर्सी घाला, ओरडा, रडा. पण मैदानात पाय न ठेवता ‘आपण’ म्हणू नका. ‘ते जिंकले, मला आनंद झाला’ म्हणा. कुणाला पटतंय का?

हाफटाइमला झोपलेला

अजिबात नाही. हरल्यावर ‘हे लोक’ म्हणणारा कच्चा गडी. त्याच्यावरून आम्हा बाकीच्यांना जोखू नका.

आणि हातभाराचं म्हणाल तर माझा हिशोब ऐका. २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल, इस्तंबूल. मध्यंतराला मिलान ३, लिव्हरपूल ०. मी टीव्ही बंद केला, जर्सी काढून खुर्चीवर भिरकावली आणि झोपलो. मी घोरत असताना आपण सहा मिनिटांत तीन गोल केले आणि पेनल्टीवर कप उचलला. मला सकाळी कळलं. तेव्हापासून आपण मागे पडलो की मित्रांचे फोन येतात, "जा, झोप." विनंती नाही, हुकूम. धाकटा भाऊ तर येऊन दिवाच मालवतो. मागून येऊन जिंकलेले किती सामने मी असे उशीत तोंड खुपसून, बाहेरच्या खोलीतल्या आवाजावरून अंदाज बांधत काढलेत! ज्यांच्यासाठी मी डोळे मिटतो, त्यांना ‘ते’ म्हणू?

काठावरची

तुम्ही नसलात की जिंकतात. म्हणजे ‘ते’च झाले की!

पुराव्यानिशी

ताईंशी सहमत. ह्यावर रीतसर अभ्यासही झालाय. रॉबर्ट चाल्डिनी हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी, साल १९७६, अमेरिकेतली विद्यापीठं. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी सामन्याबद्दल बोलताना ‘आपण’ म्हणायचे. हरला की ‘आपण’ कमी व्हायचं. जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव छापलेले कपडेही जास्त अंगावर दिसायचे. दुसऱ्याच्या शेकोटीवर हात शेकणं, दुसरं काय.

जाता जाता: इंग्रजीत सगळ्याला मिळून एकच ‘वी’. मराठीत ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. चाहता ‘आम्ही जिंकलो’ म्हणून थांबू शकतो, पण तो ‘आपण’ म्हणतो आणि समोरच्यालाही ओढतो. तेव्हा ताई, व्याकरणाने पाहिलं तर तो लेफ्ट बॅक तुम्हीसुद्धा विकलाय.

ऑफसाइडच होता

एक मिनिट. तो अमेरिकन फुटबॉल. तिथे चेंडू हातात धरून पळतात. हा पुरावा इथे ग्राह्य नाही.

पुराव्यानिशी

मुद्दा सर्वनामाचा आहे, चेंडूच्या आकाराचा नाही.

ऑफसाइडच होता

हात लागला की शिट्टी. संपलं. (१९८६ च्या विश्वचषकात हाताने गोल करूनही सुटलेला मॅराडोना वगळून.)

एका पायात मोजा

झोपाळू दादांना माझा पाठिंबा. १३ मे २०१२, मँचेस्टर सिटी आणि क्वीन्स पार्क रेंजर्स. नव्वद मिनिटं झाली तरी आपण, म्हणजे सिटी, १-२ ने मागे, म्हणजे इंग्लिश लीगचं विजेतेपद हातचं गेलं. मी उठलो, बाहेर पडायचं म्हणून मोजे चढवायला लागलो. उजवा घातला आणि झेकोने गोल केला. डावा हातातच राहिला. घालायची छाती होईना. त्या पायाची बोटं गार पडली होती, मी मोजा मुठीत धरून तसाच उभा. ९३ मिनिटं २० सेकंदांनी अग्वेरोने मारला तो गोल सगळ्या जगाने पाहिला. माझा पाय कुणी पाहिला नाही. तेव्हापासून उजव्या पायात मोजा, डावा उघडा. डाव्या पायाचे कोरे मोजे कपाटात साठलेत. कुणाला हवे असतील तर सांगा.

हसू नका, आत मैदानातही हेच चालतं. १९९८ च्या विश्वचषकात लॉराँ ब्लाँ सामन्याआधी गोलकीपर बार्तेझच्या टकलाचा मुका घ्यायचा आणि फ्रान्स जिंकला. इटलीतल्या पिसा क्लबचा अध्यक्ष रोमेओ अँकोनेतानी सामन्याआधी मैदानात मीठ टाकायचा. अध्यक्ष! आमचा तर बिचारा एक मोजा.

पुराव्यानिशी

त्याच अध्यक्षाच्या काळात पिसा पहिल्या श्रेणीतून एकदा नव्हे, चार वेळा खाली घसरला. मीठ जखमेवर पडत असणार.

एका पायात मोजा

आणि चार वेळा वरही आला, हे कोण सांगणार? मीठ दोन्ही बाजूंनी मोजा.

रात्रपाळी

तुमची गंमत चालू द्या, पण घरच्यांना विचारा. २००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या भागात डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या होत्या. जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या दुखण्यांचं प्रमाण एरवीच्या २.६६ पट झालं होतं. हे लोक सोफ्यावरच होते, ताई. मैदानात पाय न ठेवता.

आमचे बाबा पेनल्टी शूटआउट लागला की बाथरूममध्ये जाऊन कडी लावतात. प्रत्येक फटक्याचा निकाल मी चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवायचा. तोंडाने सांगायचं नाही, कारण माझ्या आवाजावरून त्यांना आधीच कळतं म्हणे. एकदा मला चौथी चिठ्ठी लिहायला उशीर झाला तर आतून अगदी बारीक आवाज आला, "गेला का गं आपला?" मला हसूच येईना. आधी दार उघडायला लावलं, मग गोळी दिली. त्यामुळे ‘आपण’ म्हणा की ‘ते’ म्हणा, मला फरक पडत नाही. कडी लावू नका, एवढंच.

हाफटाइमला झोपलेला

बाबांना माझा नमस्कार सांगा. ‘आपण’ म्हणतात तो हाच.

रात्रपाळी

सांगणार नाही. आणखी चेव येईल.

काठावरची

रात्रपाळी, तुमची चिठ्ठी वाचून मी जरा मऊ पडले. काल मॅच चालू असताना नवऱ्याशेजारी जाऊन बसलेसुद्धा. गोल झाला, हा खोलीभर पळाला, मला उचललं, आणि तेवढ्यात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांची फेरतपासणी. दोन मिनिटं मी तशीच अधांतरी. खाली ठेवलं तर गोल रद्द होईल म्हणे! रद्द झालाच. खाली उतरवताना काय म्हणाला असेल? "तू जड झालीस." आपण नाही, तू.

ऑफसाइडच होता

ऑफसाइडच होता.

एका पायात मोजा

सगळं राहू दे. ताई, तो फ्रीज किती लिटरचा आहे? चालू स्थितीत आहे का? कपाटातली मोज्यांची जागा संपली की मला लागणारच आहे.

काठावरची

१९० लिटर, एकदम चालू. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक घरी येऊन बघून, भाव ठरवूनही गेलं होतं. पैसे द्यायला त्याने मोबाइल काढला, तर कव्हरवर दुसऱ्याच क्लबचं चिन्ह. नवरा म्हणाला, "आपल्याला नाही विकायचा."

तुमचा क्लब कळवू का त्याला?